सूक्ष्मदर्शक आणि खरे पाहण्याचे शिक्षण
(काष्टी येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या गुणगौरव समारंभात विद्यार्थ्यांना चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. अशा प्रसंगी समाजाचे ऐक्य, विवाहातील अवास्तव खर्च, व्यसनमुक्ती असे विषय बहुधा घेतले जातात. ते विषय थोर आहेत यात शंका नाही, आणि त्यांवर आमच्यापेक्षा अधिकाराने बोलणारी माणसे या सभेत आहेत. आमचे आयुष्य शाळेच्या वर्गात गेले. म्हणून वर्गातलाच एक विषय आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. तो विषय म्हणजे संयुक्त सूक्ष्मदर्शक यंत्र आणि ते वापरावयास मूल कसे शिकते, हा होय.

विषय लहान वाटेल. सभेला शोभेल की नाही, अशीही शंका कोणाच्या मनात येईल. परंतु पुष्कळ वर्षे मुलांना या यंत्रापाशी उभे करून पाहिल्यावर आमचे असे मत बनले आहे की, या फूटभर उंचीच्या यंत्रापाशी मूल एक मोठी गोष्ट शिकते. जे दिसले ते दिसले म्हणावे, आणि जे दिसले नाही ते दिसले नाही असे सांगावे, हीच ती गोष्ट. ऐकावयास सोपी, पण आचरणास कठीण!

पाहणे ही शिकण्याची विद्या आहे, हे काष्टीच्या माणसाला निराळे पटवून द्यावयास नको. आपल्या गावचा जनावरांचा आठवडे बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारात शहरातून आलेला पाहुणा आणि मुरलेला शेतकरी एकाच बैलापुढे उभे असतात. पाहुण्याला बैल दिसतो. शेतकरी मात्र त्याचा जबडा उघडून आदत कोणता, दुसा कोणता, चौसा कोणता हे दातांवरून ओळखतो, खांदा चाचपतो, खूर पाहतो आणि त्याला चार पावले चालवून पाहतो. दोघांचे डोळे सारखेच. फरक आहे तो शिकवलेल्या डोळ्याचा. सूक्ष्मदर्शकाचेही असेच आहे. भिंगातून डोकावले की सृष्टीचे रहस्य आपोआप उलगडते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः पहिल्यांदा डोकावणाऱ्या मुलाला दिसते ते अंधुक पांढरे वर्तुळ, आणि पुष्कळदा स्वतःच्याच पापण्यांचे केस!

आपल्या शिंपी समाजाचा आणि या यंत्राचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. इंग्लंडातील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1665 साली ‘मायक्रोग्राफिया’ नावाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंचा हा पहिला महत्त्वाचा ग्रंथ. त्यातले पहिले निरीक्षण कशाचे असावे? सुईच्या टोकाचे! तिसरे निरीक्षण तलम लिननचे आणि चौथे रेशमी कापडाचे. ज्या टोकाला आपण तीक्ष्णतेचा कळस समजतो, ते हूकला भिंगाखाली बोथट आणि ओबडधोबड दिसले. याच ग्रंथात त्याने बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखी लहान घरे पाहिली व त्यांना ‘सेल’, म्हणजे कोठडी, हे नाव दिले. आज आपण तिला पेशी म्हणतो. असे हे शास्त्र सुई आणि कापड हातात घेऊनच मोठे झाले.

दुसरे नाव तर आपल्याला अधिकच जवळचे वाटावे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक (1632–1723) हे पेशाने कापडाचे व्यापारी होते. त्या काळी कापडवाले सुताची वीण तपासण्यासाठी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांनी विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. विद्वानांची लॅटिन भाषा त्यांना येत नव्हती. आपली पत्रे ते आपल्या डच बोलीतच लिहीत. परंतु स्वतः घासून केलेल्या एका इवल्याशा भिंगातून त्यांनी पाण्यातले असंख्य सूक्ष्म जीव पाहिले आणि 1676 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची हकीकत कळविली. सोसायटीतील विद्वानांनी ते पडताळून पाहण्याचे ठरविले. आरंभी त्यांना काहीच दिसले नाही. आम्हास या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दिसले नाही, तेव्हा त्यांनी तसे सांगितले. एका मोठ्या शोधाची वार्ता आली आहे, आपणही ‘होय, होय’ म्हणून मान डोलवावी, असे त्यांनी केले नाही. तसेच, आपल्याला दिसत नाही म्हणून तो कापडवाला खोटा, असेही घाईने ठरविले नाही. हूकने अधिक चांगली साधने सिद्ध केली, पुनःपुन्हा प्रयत्न केले, आणि 1677 च्या नोव्हेंबरात ते जीव सर्वांना दाखविले. मग सर्वांनी मान्य केले. पुढे 1680 साली त्या कापड व्यापाऱ्याला सोसायटीने आपले सदस्य करून घेतले.

आता यंत्राकडे वळू. लेव्हेनहूक यांचे यंत्र एका भिंगाचे होते. आपल्या शाळांत असते ते संयुक्त, म्हणजे दोन भिंगव्यवस्थांचे. वस्तूजवळच्या भिंगाला वस्तुभिंग म्हणतात. ते वस्तूची मोठी व उलटी प्रतिमा नळीत तयार करते. डोळ्याजवळची नेत्रिका त्या प्रतिमेला आणखी मोठी करून दाखविते. नेत्रिका 10 पटींची आणि वस्तुभिंग 10 पटींचे असेल तर एकंदर वर्धन 100 पट, आणि वस्तुभिंग 40 पटींचे असेल तर 400 पट. हा साधा गुणाकार आहे. बाजारात खेळण्यासारखी काही यंत्रे हजारो पटींची जाहिरात करतात. त्यांना भुलू नये. जर्मनीतील एर्न्स्ट आबे यांनी 1873 साली दाखवून दिले की, प्रकाशाच्या स्वभावामुळेच अशा यंत्राला एक मर्यादा आहे. सुमारे एक मिलिमीटरचा पाच हजारावा भाग, त्याहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. त्यापुढे चित्र नुसते फुगते, नवे काही दिसत नाही.

यंत्र हाताळण्याची शिस्त आम्ही मुलांना पहिल्या दिवशीच लावीत असू. यंत्र दोन हातांनी उचलावे, एक हात बाहूला आणि दुसरा तळाखाली. ते टेबलाच्या कडेपासून आत ठेवावे. आरंभ नेहमी सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने करावा. आरसा खिडकीतील उजेडाकडे वळवावा, पण सूर्याकडे मुळीच नाही, कारण त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. नेत्रिकेत न पाहता, बाजूने पाहत, मोठ्या स्क्रूने वस्तुभिंग आणि काचपट्टी एकमेकांजवळ आणावी. मग डोळा नेत्रिकेला लावून ती दोन्ही हळूहळू दूर सरकवीत जावे. अकस्मात चित्र स्पष्ट होते. जवळ आणताना डोळा बाहेर, दूर नेताना डोळा आत, हा नियम पाळला तर काच फुटत नाही आणि भिंगाला ओरखडा पडत नाही. मोठ्या शक्तीवर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावावयाचा नाही, फक्त बारीक स्क्रू फिरवावयाचा. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवावयाचे. एक डोळा मिटून पाहिल्याने तो लवकर शिणतो.

पहिला धडा म्हणून आम्ही वर्तमानपत्रातील एक बारीक अक्षर कापून ठेवीत असू. ‘क’ हे अक्षर भिंगाखाली उलटे दिसते. काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जाते. मुले आधी गोंधळतात, मग हसतात, आणि पाच मिनिटांत त्यांचा हात उलट दिशेला आपोआप वळू लागतो. पुस्तकात ‘प्रतिमा उलटी असते’ हे वाक्य ती चार वेळा वाचतात आणि विसरतात. हाताने शिकलेले विसरत नाहीत.

दुसरा धडा आपल्या घरच्या कातरणीचा. शिवणकामात उरलेली कातरण प्रत्येक शिंप्याच्या घरी असते. तिच्यातून सुताचे, लोकरीचे आणि पॉलिएस्टरचे धागे काढावेत, त्यांचे तंतू सुटे करावेत आणि पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावेत. कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. लोकरीच्या तंतूवर खवल्यांसारख्या रेषा दिसतात. पॉलिएस्टरचा तंतू काचेच्या सळईसारखा गुळगुळीत. टेरिकॉटच्या धाग्यात दोन्ही जातींचे तंतू शेजारी नांदताना सापडतात! जे आपले वडील चिमटीत कापड धरून सांगतात, ते असे का हे मुलाला डोळ्यांनी कळते. तयार कपड्यांच्या दुकानांमुळे आपल्या धंद्यावर जो प्रसंग आला आहे, तो आपण सर्व जाणतोच. मुले दुसऱ्या वाटा धरतील, धरावयासही हव्यात. परंतु वडिलांच्या बोटांत जे ज्ञान आहे ते अडाण्याचे नव्हे, हे त्यांना शाळेत कळावे अशी आमची फार इच्छा असे.

तिसरा धडा कांद्याचा. श्रीगोंदे तालुक्यात कांद्याला तोटा नाही. कांद्याची फोड घ्यावी, तिच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने अलगद सोलावा, काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरावा. औषधाच्या दुकानातील आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब द्यावा. मग झाकणकाच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडावी. घाईने टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. भिंगाखाली विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी दिसतात, आणि आयोडीनमुळे प्रत्येकीत पिवळसर तपकिरी केंद्रक उठून दिसते. दहा पटींच्या नेत्रिकेतून आणि दहा पटींच्या वस्तुभिंगातून दिसणारे वर्तुळ साधारणपणे पावणेदोन ते दोन मिलिमीटर रुंद असते. पारदर्शक पट्टी ठेवून ते मुलांनीच मोजावे. वर्तुळ 1.8 मिलिमीटर भरले आणि त्यात लांबीच्या दिशेने सहा पेशी बसल्या, तर एका पेशीची लांबी 0.3 मिलिमीटर. पाचवीतला भागाकार सातवीत असा उपयोगी पडतो.

येथपर्यंत सर्व सुरळीत वाटते. अडचण येते ती यानंतर. ज्या प्रसंगाने आम्हास हा विषय सुचला, तो आता सांगतो.

सातवीच्या वर्गात एकदा कांद्याचा पापुद्रा लावून ठेवला होता आणि मुले रांगेने येऊन पाहत होती. यंत्र एकच. प्रत्येकजण वाकून पाहत होता, ‘दिसले’ म्हणत होता आणि पुढे जात होता. असे करता करता रांगेतली एक मुलगी आली. तिने पाहिले, पुन्हा पाहिले, आणि हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, मला काही दिसत नाही.” मागची मुले हसली. कोणीतरी म्हणाले, “सगळ्यांना दिसते, हिलाच दिसत नाही.” आम्ही स्वतः डोळा लावून पाहिले. वर्तुळात काहीही नव्हते! मधल्या कोणाच्या तरी कोपराचा धक्का लागून काचपट्टी सरकली होती. चौकशी करता कळून आले की, तिच्या आधीच्या अकरा मुलांना काहीच दिसलेले नव्हते. अकराही जणांनी ‘दिसले’ म्हणून सांगितले होते. तोवर काहींनी वहीत पेशीची आकृतीही काढली होती, आणि ती हुबेहूब पुस्तकातल्यासारखी होती.

बंधुभगिनींनो, ती अकरा मुले लबाड नव्हती. ती चांगल्या घरची, आज्ञाधारक मुले होती. पुढच्याला दिसले, पुस्तकात छापले आहे, गुरुजींनी सांगितले आहे, मग आपल्यालाच दिसत नाही म्हणजे दोष आपला, असे त्यांच्या मनाने घेतले. चारचौघांत कमीपणा नको म्हणून ती गप्प राहिली. मोठ्या माणसांच्या सभांत आणि घराघरांत हेच चालते की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा. लग्नाच्या बैठकीत, पतसंस्थेच्या सभेत, गावच्या ठरावात ‘सर्वांना मान्य आहे’ म्हणताना किती जणांना खरोखर काही दिसलेले असते?

त्या मुलीला आम्ही सर्वांसमोर शाबासकी दिली आणि त्या दिवसापासून वर्गात एक नियम केला. ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्याला हसावयाचे नाही. त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने मिळून ‘का दिसत नाही’ याचा शोध घ्यावयाचा. उजेड पुरेसा आहे काय? वस्तुभिंग फिरवताना खट् आवाज होऊन जागेवर बसले आहे काय? काचपट्टी मधोमध आहे काय? झाकणकाच वरच्या बाजूला आहे काय? हे चार प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले असत.

याच्या उलट जो ‘दिसले’ म्हणेल त्यालाही परीक्षा असे. दिसलेला ठिपका नेमका कोठे आहे? नेत्रिका हाताने फिरवून पाहावी. ठिपका तिच्याबरोबर फिरला तर ती नेत्रिकेवरची धूळ. काचपट्टी सरकवल्यावर सरकला तर तो पट्टीवर आहे. दोन्हीने हलला नाही तर बहुधा वस्तुभिंगावर डाग आहे. काळ्या जाड कडेचे गरगरीत वर्तुळ दिसले तर तो हवेचा बुडबुडा, पेशी नव्हे. जगातले दोष पाहण्यापूर्वी तो डाग आपल्याच काचेवर तर नाही ना, हे तपासण्याची सवय या यंत्राइतकी सोप्या रीतीने दुसरे कोणी लावीत असेल असे आम्हास वाटत नाही.

आकृतीचाही असाच नियम होता. आधी पाहावे, मग पुस्तक मिटलेले ठेवून काढावे. कांद्याच्या त्या पापुद्र्यात हरितलवके नसतात, तरी पुस्तकातल्या वनस्पतिपेशीच्या आकृतीवरून मुले त्यात हिरवे ठिपके भरतात. अशी सुंदर आकृती आम्ही परत देत असू. उलट, वेड्यावाकड्या चार पेशी काढून ‘एका पेशीत केंद्रक दिसले नाही’ असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण देत असू. पालक विचारीत, ‘मुलाची आकृती एवढी चांगली असताना गुण कमी कसे?’ त्यांना आम्ही एवढेच म्हणत असू की, चित्रकलेची परीक्षा निराळी आहे.

‘दिसत नाही’ म्हणणे म्हणजे हात झटकणे नव्हे, हेही मुलांना सांगावे लागते. नीट पाहून म्हटलेले ‘नाही’ आणि न पाहताच म्हटलेले ‘नाही’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ खेड्यापाड्यांतील क्षयाचे निदान मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासूनच होत आले. अलीकडे नव्या रेण्वीय चाचण्या आल्या आहेत, तरी ही तपासणी संपलेली नाही. त्या तपासणीचा दंडक असा की, रंग दिलेल्या पट्टीवरील किमान शंभर क्षेत्रे हजार पटींच्या वर्धनाने पाहिल्याशिवाय ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहावयाचे नाही. दहा क्षेत्रे पाहून कंटाळा आला आणि ‘नाही’ लिहिले, तर एक रोगी घरी परत जातो आणि चार माणसांना रोग देतो. ‘दिसले नाही’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याच्या हाती असे कोणाचे तरी प्राण असतात.

सर रोनाल्ड रॉस यांचे उदाहरणही आम्ही वर्गात सांगत असू. हिवतापाचे बीज डासातून पसरते काय, हे शोधण्यासाठी ते सिकंदराबादेस डासामागून डास चिरून पाहत होते. उन्हाळा असा की, कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि शेवटची उरलेली नेत्रिकाही तडकली होती. दिवसामागून दिवस हाती काही लागत नव्हते. अखेर 20 ऑगस्ट 1897 रोजी एका डासाच्या पोटात त्यांना ते बीज दिसले. 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक सर्वांना ठाऊक असते. त्याआधीची शेकडो प्रामाणिक ‘दिसले नाही’ मुलांच्या कानावर पडावीत अशी आमची धडपड असे.

आणि यासाठी परदेशीच जावे असेही नाही. संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक तपासले आणि आपल्या नामदेवरायांना कच्चे ठरविले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ख्याती, त्यांना चारचौघांत कच्चे म्हटले गेले. त्यांना वाईट वाटले. पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. आपल्याला अजून कळलेले नाही, हे पत्करून शिकावयास निघणे, हा आपल्या समाजाचा वारसा आहे. तो आपण केवळ पुण्यतिथीला आठवावा काय?

आता शाळांच्या स्थितीविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. एका शाळेत आम्ही पाहुणे म्हणून गेलो असता सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद होता, आणि त्याच्या भिंगावरचे कारखान्याचे वेष्टणही निघालेले नव्हते. तो डेडस्टॉक रजिस्टरात मात्र बिनचूक नोंदलेला होता. मुख्याध्यापकांना दोष देण्याचे कारण नाही. वस्तू फुटली तर भरपाई कोणी करावयाची, या धाकाने ती जपून ठेवली जाते. जपलेली वस्तू टिकते हे खरे, परंतु मुले दरवर्षी वर्गाबाहेर पडून जातात.

यंत्र बाहेर काढले तरी हिशेब कसा बसतो पाहा. वर्गात 42 मुले आणि तासिका 35 मिनिटांची. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर 50 सेकंद येतात. पन्नास सेकंदांत मूल ‘दिसले’ म्हणणार नाही तर काय म्हणेल? यावर उपाय आम्ही करून पाहिला आहे. तासिकेत सर्वांना दाखविण्याचा हट्ट सोडावा. रोज मधल्या सुट्टीत पाच मुलांनी यावे, प्रत्येकाने आपली पट्टी स्वतः तयार करावी आणि स्वतः चित्र स्पष्ट करावे. नऊ दिवसांत 42 मुले होतात. ज्याला आले त्याने दुसऱ्या दिवशीच्या पाचांना शिकवावे. काचपट्ट्या धुऊन पुन्हा वापरता येतात, झाकणकाचा थोड्या फुटतात, आणि त्यांचा खर्च फार नाही.

आज नवी साधनेही आहेत. नेत्रिकेवर मोबाईलचा कॅमेरा धरला की चित्र साऱ्या वर्गाला दाखविता येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे, मूळचे मेरठचे मनु प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी 2014 साली कागदाच्या घडीचा ‘फोल्डस्कोप’ जगापुढे आणला. त्यात लेव्हेनहूक यांच्याप्रमाणे एकच इवले भिंग असते आणि तो खिशात मावतो. ही साधने अवश्य वापरावीत. परंतु पडद्यावरचे चित्र पाहणे आणि स्वतःच्या बोटांनी अंधुकातून स्पष्टाकडे जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पोहणे पाहून कोणी पोहावयास शिकत नाही.

म्हणून समाजाच्या कार्यकारिणीपुढे आमची नम्र सूचना अशी आहे. दरवर्षी गुणगौरवात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्हे यांवर आपण जो खर्च करतो, त्यातला काही भाग वेगळा काढावा. हरियाणातील अंबाला येथे शाळांसाठी सूक्ष्मदर्शक तयार होतात. विद्यार्थ्यांसाठी साधे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. अशी दोन यंत्रे समाजाने घ्यावीत आणि ती फिरत्या पुस्तकपेटीप्रमाणे एकेका शाळेला एकेक महिना द्यावीत. फुटले तर समाज भरून देईल, असे लिहून द्यावे. हे एक वाक्य कितीतरी कपाटांची कुलपे उघडील. आणि ही यंत्रे केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नसावीत. वर्गातल्या रांगेत सर्व जातींची मुले उभी असतात. भिंगाखाली पेशी पाहताना कोण कोणाचा हे विचारण्याची सोय नाही. आपण दिलेल्या यंत्रातून गावचे प्रत्येक मूल पाहील, यातच आपल्या समाजाचा मान आहे.

पालकांना एक विनंती. मूल शाळेतून आले की ‘किती गुण पडले’ हे आपण विचारतो. कधी ‘आज काय पाहिलेस’ असेही विचारावे. आणि त्याने ‘पाहिले, पण काही दिसले नाही’ असे सांगितले तर रागावू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत हे लक्षात ठेवावे. मुकाट्याने मान डोलावणाऱ्या मुलीला आपण गुणी म्हणतो. त्या दिवशी वर्गाचे डोळे उघडले ते मान न डोलावणाऱ्या मुलीने.

मुलांनो, घोड आणि भीमा या नद्या आपल्यापासून दूर नाहीत. त्यांच्या काठच्या डबक्यातले पाणी, आईच्या चिरण्याच्या पाटावरचा कांदा, वडिलांच्या यंत्राखालची कातरण, एवढी सामग्री तुम्हाला जन्मभर पुरेल. डबक्याच्या पाण्यात कधी शेवाळाचे हिरवे तंतू दिसतील, कधी त्यांतून सरसर धावणारा एखादा जीव दिसेल, कधी काहीच दिसणार नाही. तिन्ही गोष्टी तारीख घालून वहीत लिहा. तिसरी लिहिताना लाजू नका.

आमचे बोलणे लांबले.  कार्यकारिणीने सूचनेचा विचार करावा, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय नामदेव!